विधिमंडळाचे शब्द आणि त्यामागची कामे

स. न. वि. वि.

आपले पत्र मिळाले. मुलगी राज्यशास्त्र घेऊन बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, अधिवेशनाचे थेट प्रक्षेपण पाहत वहीत टिपणे काढते, पण निवडणूक लढवण्याची तिला मुळीच हौस नाही. मग या विषयात पोटापाण्याचे काय, असे आपण विचारले आहे. आपली काळजी रास्त आहे, मात्र तिची ती वही मला फार मोलाची वाटते.

विधिमंडळाचे काम नेमक्या शब्दांवर चालते. सभागृहात मांडले जाते ते विधेयक, आणि संमतीनंतर राज्यपालांची अनुमती मिळाली की त्याचा अधिनियम होतो. वर्तमानपत्रे प्रतोद आणि पक्षादेश या दोहोंना सर्रास 'व्हिप' म्हणतात; पण प्रतोद म्हणजे आमदारांना पक्षाची भूमिका कळवणारा माणूस आणि पक्षादेश म्हणजे पक्षाचा हुकूम, आणि 1985 साली संविधानात आलेल्या, पक्षांतरबंदीच्या दहाव्या अनुसूचीमुळे तो हुकूम मोडणाऱ्याची आमदारकी जाऊ शकते. 'बहुमत' हा शब्दही असाच फसवा आहे: 288 सदस्यांच्या विधानसभेत बहुमताचा आकडा 145 असला, तरी 200 जणांनीच मतदान केल्यास साधे विधेयक 101 मतांनी संमत होते.

कायद्याच्या मसुद्यात तर क्रियापदाचाही कस लागतो. 'अधिकारी परवानगी देईल' यात बंधन आहे, 'देऊ शकेल' यात मुभा. एखाद्या शेतकऱ्याचा अर्ज त्या एका 'शकेल'पाशी अडून राहू शकतो. हा फरक ज्यांना वाचताक्षणी जाणवतो, अशा माणसांची विधि व न्याय विभागाला, कायद्यांचे अनुवाद करणाऱ्या भाषा संचालनालयाला, विधिमंडळ सचिवालयाला आणि विधिमंडळाचे वार्तांकन करणाऱ्या वृत्तपत्रांना गरज असते. पदवीनंतर तिने तीन वर्षांची एलएल. बी. करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. इंग्रजीकडेही दुर्लक्ष नको, कारण संविधानाच्या अनुच्छेद 348 नुसार राज्याच्या कायद्याचा इंग्रजी पाठच प्राधिकृत मानला जातो.

या सुट्टीत तिने एकच विधेयक घ्यावे, शेवटी छापलेले 'उद्देश व कारणे यांचे निवेदन' आधी वाचावे, मग मराठी व इंग्रजी पाठ शेजारी ठेवून अर्थ जिथे सरकल्यासारखा वाटेल तिथे खूण करावी, आणि ती पाने मला अवश्य पाठवावीत.

आपला स्नेहांकित,
करिअर मार्गदर्शक