जठरात डोकावलेला डॉक्टर

प्रश्न : जिवंत माणसाच्या जठरात अन्न पचताना कुणी पाहिलं आहे का?
– दहावीतील वाचक, सातारा

उत्तर : हो! शरीरक्रियाशास्त्र शिकवताना मी हा प्रसंग आवर्जून सांगते. १८२२ मध्ये अमेरिकेतल्या मॅकिनॅक बेटावर अलेक्सिस सेंट मार्टिन या तरुणाला बंदुकीची गोळी लागली. तो वाचला, पण जठराला पडलेलं भोक कायम राहिलं. लष्करी डॉक्टर विल्यम बोमाँट यांनी रेशमी दोऱ्याला मांसाचे तुकडे बांधून या भोकातून आत सोडले. नंतर जठररस बाटलीत काढून शरीराइतका कोमट ठेवला. त्यातही मांस विरघळलं! म्हणजे जठर अन्न नुसतं घुसळत नाही. त्यातलं हायड्रोक्लोरिक आम्ल आणि पेप्सिन हे पाचक विकर (एन्झाइम) प्रथिनं तोडतात. मात्र यासाठी अलेक्सिसला उपाशी ठेवलं जाई. त्याने सोसलेला त्रासही पाठ्यपुस्तकात यायला हवा, असं मला मनापासून वाटतं.