आईला चालतं करण्यासाठी मोबाइल गेम: टाकावा का, कोणता टाकावा

तुमचा प्रश्न मला असा समजला: आईंचं स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन, केमो, रेडिएशन सगळं उरकून चार महिने झालेत. डाव्या काखेतल्या गाठी (लिम्फ नोड) काढल्यात. डॉक्टर रोज चालायला सांगतात आणि आई म्हणतात, "अंगात जीवच नाही." म्हणून त्यांच्या मोबाइलवर चालण्याचा एखादा गेम टाकून द्यावा असं तुमच्या मनात आहे, पण अठ्ठावन्नाव्या वर्षी हा पोरखेळ वाटेल की काय, अशी शंका आहे.

टाका. पोरखेळ अजिबात नाही. फक्त गेम टाकून दिला की आपलं काम संपलं, असं समजू नका.

मी यातूनच गेलेय, सात वर्षं झाली. आधी त्या "जीव नाही"बद्दल. आई बहाणे करत नाहीयेत. हा थकवा दिवसभर राबून येणाऱ्या थकव्यासारखा नसतो, झोप काढून तो जात नाही. मी दुपारी दोन तास झोपायचे आणि उठताना आधीपेक्षा जड होऊन उठायचे. उलट थोडंथोडं हलल्यानं तो उतरतो, हे एव्हाना पक्कं झालंय. २०१९ साली अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिननं कॅन्सरमधून बाहेर आलेल्यांसाठी ज्या शिफारशी दिल्या, त्यात आठवड्यातून ३ दिवस, दर वेळी ३० मिनिटं, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतपत व्यायाम सांगितलाय. एवढ्यानं थकवा, चिंता, उदासपणा कमी होतो. म्हणजे आठवड्याला दीड तास. यात दहा हजार पावलं कुठेही नाहीत.

पण बहुतेक ॲप उघडताच दहा हजारच समोर येतात. हा आकडा कुठल्या डॉक्टरनं काढलेला नाही. १९६५ साली जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं, त्याच्या नावाचाच अर्थ "दहा हजार पावलांचं मीटर" असा होता, तिथून तो जगभर चिकटला. तेव्हा ॲप घेतल्यावर पहिलं काम म्हणजे ते लक्ष्य बदलणं. ज्यात लक्ष्य बदलता येत नाही तो गेम घेऊच नका.

आता माझी फजिती सांगते. माझ्या गेममध्ये एक बाग होती. रोजची पावलं भरली की झाडाला पाणी मिळायचं, एक दिवस चुकला की झाड वाळायचं. पहिले बावीस दिवस मी इतकी खूश होते की भेटेल त्याला बाग दाखवायचे. तेविसाव्या दिवशी ताप आला. रात्री साडेअकराला अंथरुणात पडल्यापडल्या आठवलं की अजून बाराशे पावलं बाकी आहेत. उठले, पलंगाभोवती फेऱ्या मारायला लागले. तिसऱ्या फेरीला पाय लटपटले म्हणून कडेला बसले आणि मोबाइल हातात धरून खुळखुळ्यासारखा हलवत राहिले. तेही पावलांत मोजलं जातं! झाड जगलं. मी मात्र पुढचे दोन दिवस आडवी होते.

तेव्हापासून मी सगळ्यांना सांगते: सुट्टीच्या दिवसाची शिक्षा करणारा गेम आपल्यासाठी नाही. आपल्याकडे वाईट दिवस येणार हे ठरलेलंच असतं. साखळी तुटली की "शून्यापासून सुरू करा" असं म्हणणाऱ्या गेमपेक्षा "या आठवड्यात तीनदा" असं मोजणारा बरा. आणि उलटंही होतं. एखाद्या दिवशी बरं वाटतं, गुणांच्या नादात माणूस दुप्पट चालतो आणि दोन दिवस झोपून राहतो. बऱ्या दिवशी गेम "अजून एक फेरी" म्हणेल, त्याला नाही म्हणायला आईंना शिकवा.

दुसरी गोष्ट, गेमचा उत्साह टिकत नाही. २०१६ साली पोकेमॉन गो हा फिरत फिरत खेळायचा मोबाइल गेम आला तेव्हा लोक रस्तोरस्ती फिरत होते. त्या वेळी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या पाहणीत खेळणाऱ्यांची पावलं पहिल्या आठवड्यात दिवसाला सरासरी ९५५ नं वाढलेली दिसली, आणि सहाव्या आठवड्यापर्यंत पुन्हा होती तिथे आली. ती धडधाकट तरुण मंडळी होती. माझी बागही दीड-दोन महिन्यांत सुकली आणि मला काही वाटलं नाही. तेव्हा गेमकडे दीड महिन्याची उसनवारी म्हणून बघा. तेवढ्यात चालण्याला दुसरं काहीतरी जोडून घ्यायचं: ठरलेली वेळ, ठरलेला रस्ता, आणि मुख्य म्हणजे सोबतीला माणूस. माझ्याबरोबर एक मैत्रीण यायची, ती गेम वगैरे काही खेळत नव्हती. पण ती खाली येऊन उभी राहिली की मला उतरावंच लागायचं.

तुम्ही स्वतः आईंबरोबर खेळणार असाल तर एक पथ्य पाळा, क्रमवारी बंद ठेवा. तुमची नऊ हजार आणि त्यांची अठराशे पावलं वरखाली दिसली की त्या दुसऱ्याच दिवशी मोबाइल बाजूला ठेवतील. दोघींची पावलं एकत्र मोजून एकच लक्ष्य गाठायचं अशी सोय असेल तर ती वापरा, नाहीतर कागदावर बेरीज करा.

आता हात. इथे मी जास्त लिहिणार आहे, कारण गेम बनवणाऱ्यांना हे ठाऊक नसतं. कॅमेऱ्यासमोर उभं राहून हात वर करायचे, फळं तोडायची, चेंडू फेकायचा, असे गेम असतात. कॅमेऱ्याला हात दिसतो, पण कुठल्या बाजूच्या गाठी काढल्यात हे दिसत नाही. तो "अजून उंच" म्हणतच राहतो. झटका देऊन हात फेकायचे गेम सुरुवातीला नकोतच. पण याचा अर्थ डावा हात जपून पोटाशी धरायचा असाही नाही. पूर्वी लिम्फिडीमाच्या, म्हणजे काखेतल्या गाठी काढल्यावर हाताला येणाऱ्या सुजेच्या भीतीनं वजन उचलू नका म्हणायचे. १९९६ साली कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये डॉन मॅकेन्झी या डॉक्टरांनी स्तनाचा कॅन्सर झालेल्या २४ जणींना ड्रॅगन बोट, म्हणजे अनेकांनी मिळून वल्हवायची लांब होडी, वल्हवायला बसवलं, तेव्हा ते धाडसच होतं. एकीचाही हात सुजला नाही. पुढे २००९ मध्ये आधीच सूज असलेल्या १४१ बायकांवरचा अभ्यास आला, त्यात हळूहळू वजन वाढवत व्यायाम करणाऱ्यांची सूज वाढली नाही, उलट ती उसळण्याचं प्रमाण कमी झालं. मात्र त्यांना आधी शिकवणारं कुणीतरी शेजारी होतं. म्हणून हाताचं जे काही असेल ते फिजिओला दाखवून. अंगठी किंवा घड्याळाचा पट्टा अचानक घट्ट व्हायला लागला, हात जड वाटला, तर गेम बंद आणि डॉक्टरांना फोन.

खरं सांगायचं तर हातासाठी मला मिळालेला सगळ्यात चांगला गेम मोबाइलवर नव्हताच. फिजिओनं भिंतीकडे तोंड करून बोटांनी वर चढायला सांगितलं होतं. जिथे बोटं थांबतील तिथे मी पेन्सिलीनं रेघ मारून तारीख घालायचे. कंटाळवाणं काम. माझ्या भाच्यानं एके दिवशी त्या रेघेच्या चार बोटं वर एक पाल काढली आणि म्हणाला, "मावशी, पकड." अकरा दिवस लागले. पकडली त्या संध्याकाळी त्यानं वर दुसरी काढून ठेवली होती, पुन्हा चारच बोटं. मी आज कुठे पोचते हे त्या पोराला माहीत होतं, बागवाल्या ॲपला नव्हतं.

चालण्याबाबत थोडं. केमोत पॅक्लिटॅक्सेल हे औषध असेल तर तळपाय बधिर असू शकतात, त्यात नजर स्क्रीनवर म्हणजे पडायचीच तयारी. मोबाइल खिशात राहील आणि कानात ऐकू येईल असा गेम निवडा. मी झॉम्बीज, रन! हा चालता-पळता कानात गोष्ट ऐकवणारा गेम ऐकून पाहिला. गोष्ट चांगली आहे, पण मागे भुतं लागतात. अहो, तेव्हा मला आणखी कुणी पाठलाग करायला नको होतं. तो पाठलाग बंद करता येतो, हे नंतर कळलं. हृदयावर परिणाम करणारी औषधं झाली असतील, हाडं ठिसूळ असतील किंवा आजार हाडांपर्यंत गेला असेल, तर आधी ऑन्कॉलॉजिस्टला, म्हणजे कॅन्सरच्या डॉक्टरांना, विचारूनच काय ते. हॉर्मोनच्या गोळीनं सकाळी सांधे धरत असतील तर चालण्याची वेळ थोडी उशिरा ठेवा.

पहिला आठवडा कुठलाही गेम टाकू नका. मोबाइल आईंच्या खिशात राहू दे, पर्समध्ये नको, आणि त्यांना काही न सुचवता नुसती पावलं मोजा. सात दिवसांची सरासरी आणि सगळ्यात वाईट दिवसाचा आकडा, दोन्ही मला कळवा. पाल कुठे काढायची ते मग बघू.