नामिबियात गाडी चालवायची आहे? वाचकांचे प्रश्न

राजधानी विंडहुकला गाडी भाड्याने घेऊन आम्ही सोसुसव्लेईला, म्हणजे वाळवंटातल्या वाळूच्या टेकड्या बघायला, जाणार आहोत. आपलं लायसन चालेल का?

सोबत इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट काढा. आरटीओकडे फॉर्म 4ए भरायचा, फी 1,000 रुपये, मुदत एक वर्ष. मूळ लायसनही जवळ हवंच, मोबाइलमधल्या प्रतीच्या भरवशावर जाऊ नका. गाड्या आपल्यासारख्याच डावीकडून चालतात, तेवढी धास्ती कमी.

रस्ते सरळ आणि रिकामे असतात म्हणे. मग खडीवर 80च्या वर जाऊ नका असं गाडीवाले का बजावतात?

रिकामे असतात म्हणूनच. पाय आपोआप दाबला जातो आणि वळणावर सुट्या खडीवरून मागची चाकं घसरतात. चालक घाबरून ब्रेक मारतो, स्टिअरिंग झटक्यात फिरवतो आणि गाडी उलटते. टपावर तंबू असेल तर आणखी सहज. दुसऱ्या गाडीचा संबंध नसताना गाडी उलटली तर भरपाई नाही, असं कलम बऱ्याच करारांत असतं; सही करण्याआधी ते शोधून वाचा. गाडी घसरलीच तर ॲक्सिलरेटर सोडा, ब्रेकवर पाय नको, स्टिअरिंग हलक्या हाताने सरळ करा.

टायरमधली हवाही बघा. सामानाने भरलेल्या फोर बाय फोरला (चारही चाकांना ताकद मिळणाऱ्या गाडीला) खडीवर साधारण 26 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) ठीक. नेमका आकडा गाडी देणाऱ्याकडून घ्या. डांबरी रस्ता लागला की पुन्हा भरा, नाहीतर कमी हवेचा टायर वेगात तापून फुटतो. म्हणून हवेचा पंप आणि दोन स्टेपन्या मागून घ्या. समोरून गाडी आली की धुरळ्यात काही दिसत नाही: वेग कमी करा, दिवसाही हेडलाइट चालू ठेवा.

सोसुसव्लेईपर्यंत साधी गाडी जाते का?

सेसरीमच्या फाटकापासून, म्हणजे उद्यानाच्या प्रवेशद्वारापासून, सुमारे 60 किलोमीटर डांबरी आहे, तिथवर जाते. शेवटचे 5 किलोमीटर भुसभुशीत वाळू. तिथून शटल मिळते, आणि वाळूची सवय नसेल तर तीच घ्यावी. फोर बाय फोर नेणार असाल तर हवा 15-16 पीएसआयवर आणा आणि मध्ये थांबू नका. रुतलात तर रेस करत बसू नका, चाकं खोल जातात. चाकांभोवतीची वाळू उपसा आणि आलेल्या चाकोरीतूनच रिव्हर्स घ्या.

रात्री प्रवास केला तर?

नको. कुडू, ओरिक्स अशी मोठी हरणं अचानक रस्त्यावर येतात, आणि अनेक करारांत अंधार पडल्यावर विमा लागू नसतो. टाकी अर्धी झाली की लगेच पेट्रोल भरा. सॉलिटेअर आणि सेसरीमला पंप आहेत, पण कार्डाचं मशीन बंद असलं तर अडायला नको म्हणून रोख ठेवा. दक्षिण आफ्रिकेचे रँडही चालतात.