मोबाइल उशाशी ठेवून झोपणं धोक्याचं आहे का? रेडिएशन अडवणारं कव्हर घ्यावं का?

कव्हर घेऊ नका. उशाचं नंतर सांगतो, कारण या कव्हरवरून माझं आणि साडूंचं तीन वर्षांपूर्वी वाजलंय ते अजून मिटलेलं नाही.

मी मोबाइल नेटवर्कचं ड्राइव्ह टेस्टिंग करायचो. गाडीत लॅपटॉप, त्याला जोडलेले हँडसेट, आणि दिवसभर नोंद: सिग्नल किती मिळतोय, फोन किती पॉवरने पाठवतोय. साडूंनी घरातल्या सगळ्यांना धातूच्या जाळीचं अस्तर असलेली कव्हरं वाटली. वर छापलेलं, '९९ टक्के रेडिएशन बंद'. मी म्हटलं, एवढं बंद झालं तर फोन लागेल कसा? म्हणाले, "तुम्ही त्याच धंद्यातले, तुम्ही असंच बोलणार." हे मला लागलं.

दुसऱ्याच दिवशी टेस्टचा हँडसेट घेऊन त्यांच्याकडे गेलो. त्यांच्या खुर्चीशेजारी बसून फाइल अपलोडला लावली. उघडा फोन ५ डीबीएमच्या (फोन किती पॉवरने पाठवतोय त्याचं माप) आसपास, म्हणजे जेमतेम ३ मिलिवॉट. कव्हर घालून मिटलं, आकडा १७ वर. म्हणजे ५० मिलिवॉट. वाट अडली की फोन जोर वाढवतो, ४जीत साधारण २३ डीबीएमपर्यंत, म्हणजे २०० मिलिवॉट. तळघरात बॅटरी भराभर उतरते ती यामुळेच. साडूंनी आकडा नीट पाहिला आणि विचारलं, "ॲप तुमचंच ना?"

असो. उशाशी ठेवलेला फोन नुसता पडून असेल तर अधूनमधून टॉवरला हजेरी देतो, बस. या लहरींची ताकद रेणू तोडण्याइतकी नसते, त्यांचा सिद्ध झालेला परिणाम एकच, ऊब. शरीरात किती ऊर्जा शोषली जाते (एसएआर) याच्या मर्यादा त्याच हिशोबाने ठरल्यात: अमेरिकेत १ ग्रॅम ऊतीमागे सरासरी १.६ वॉट प्रति किलो, युरोपात १० ग्रॅममागे २. बऱ्याच फोनवर *#०७# दाबलं की तुमच्या फोनचा हा आकडा दिसतो. पण तो पूर्ण जोरावर मोजलेला असतो, त्यामुळे ०.८ चा फोन १.२ वाल्यापेक्षा सुरक्षित, हे दुकानदारी गणित आहे. उशीखाली चार्जिंगला मात्र लावू नका, ती भीती खरी आहे, तापण्याची.

२०११ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने या लहरी '२ बी' गटात, म्हणजे 'कदाचित कर्करोगकारक' या यादीत टाकल्या, हे साडू दरवेळी ऐकवतात. कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कही त्याच गटात आहे. तो ते रोज सकाळी घेतात.

प्रामाणिकपणे एक सांगायला हवं: जाळी नेमकी डोक्याच्या बाजूला राहिली तर थोडं अडतंही. पण इतकं सांभाळून फोन धरतो कोण? त्यापेक्षा इयरफोन लावा, काही सेंटिमीटरनेच खूप फरक पडतो. पेसमेकर असेल तर फोन छातीपासून १५ सेंटिमीटर लांब, वरच्या खिशात नाहीच.

साडूंच्या फोनला ते कव्हर अजून आहे. हल्ली त्यांचे कॉल मध्येच तुटतात. दोष अर्थातच नेटवर्कचा.