स्टेजला टप्पाच म्हणा, पायरी नको

प्रश्न आलाय की स्पेसएक्सच्या फाल्कन ९ सारख्या 'पार्शली रियूजेबल मिडियम-लिफ्ट' रॉकेटला मराठीत काय म्हणायचं, आणि स्टेजला, म्हणजे रॉकेटच्या स्वतःची इंजिनं असलेल्या एकेका सुट्या होणाऱ्या भागाला, 'पायरी' चालेल का. 'अंशतः पुनर्वापरयोग्य' म्हणा, विषय संपला. फक्त ते 'पुनर्प्रक्षेपण' बंद करा, प च्या आधी विसर्गाचा र होत नाही, पुनःप्रक्षेपणच. आणि 'रॉकेट परत उतरलं' ऐकून तर कान किटलेत! अख्खं रॉकेट कुठे उतरतं? डिसेंबर २०१५ ला केप कॅनाव्हरलला उतरला तो ९ इंजिनांचा पहिला टप्पा, दुसरा आजही टाकूनच देतात कारण तो कक्षेच्या वेगाला पोचलेला असतो, त्याला परत आणायचं तर उष्णतारोधक कवच आणि जादा इंधन लादावं लागेल आणि तेवढा माल कमी होणार.

आता पायरी. पायरी जागची हलत नाही हो! टप्पा म्हणजे एका दमात कापलेलं अंतर, म्हणून चेंडूचा टप्पा, तोफेचा टप्पा, आणि डाकेचाही. डाकवाला थैली घेऊन पळायचा, पुढच्याच्या हाती द्यायचा आणि आपल्या ठाण्यावर परत. फाल्कनचा पहिला टप्पा हेच करतो, साधारण अडीच मिनिटांत माल दुसऱ्याच्या हवाली आणि स्वतः माघारी, कधी किनाऱ्यावर तर बहुतेकदा समुद्रातल्या तराफ्यावर. २०१० ला पॅराशूट लावून बघितलं होतं, पण ते उघडायच्या आधीच टप्पा वातावरणात शिरताना फुटला, मग इंजिनं पेटवून उतरायचं ठरलं. एप्रिल २०१६ ला तराफ्यावर उतरलेला टप्पा मार्च २०१७ ला पुन्हा उडाला.

'टपाल' याच टप्प्यातून आलं असं माझं ठाम मत आहे. हॉब्सन-जॉब्सन या इंग्रजांच्या काळातल्या जुन्या शब्दकोशात ब्राऊनसाहेब फ्रेंच 'एताप'कडे (प्रवासातला मुक्काम) बोट दाखवतात, बीम्ससाहेब शिक्का मारायच्या ठप्प्याकडे. दोन्ही ओढूनताणून. एतापचा अर्थ जुळतो म्हणून शब्द तिथून आला असं होत नाही, आणि ठप्पे मारणाऱ्या कचेऱ्या यायच्या कितीतरी आधीपासून माणसं पत्रं घेऊन पळतच होती. इंग्रजी 'स्टेज' सुद्धा घोडे बदलायच्या मुक्कामावरूनच प्रवासात रुळला, मग आपल्याकडे तयार शब्द असताना पायरी कशाला?

हां, मिडियम-लिफ्ट राहिलं. 'मध्यम भारवाहू' म्हणा. पण टप्पा परत आणायचं इंधन राखलं तरच फाल्कन मध्यम आणि जड यांच्यामधल्या २० टन मालाच्या रेघेखाली राहतं, सगळं टाकून द्यायचं ठरवलं की २२ टनांच्या वर नेतं, आणि तेव्हा त्याला 'जड भारवाहू'च म्हणावं लागेल.