वय फक्त २८ आहे, महाधमनी (हृदयातून निघणारी सर्वांत मोठी रक्तवाहिनी) ५.२ सेंटिमीटरपर्यंत फुगली आहे, पण त्रास काहीच नाही. तरी जिवाला धोका असतो का?

हो, असतो. त्रास नाही म्हणजे धोका नाही, असं इथे अजिबात समजू नका. धमनी जितकी रुंद, तितका तिच्या भिंतीवर ताण जास्त. एके दिवशी आतला थर फाटू शकतो आणि रक्त भिंतीच्या थरांमध्ये घुसतं. ते हृदयाभोवतीच्या पिशवीत साचलं तर हृदय दाबलं जातं; मेंदूकडची वाट अडली तर पक्षाघात होतो. धमनी पूर्ण फुटली तर बहुतेकदा रुग्णालय गाठायलाही वेळ मिळत नाही.

तरुणांमध्ये यामागे अनेकदा मार्फान सिंड्रोमसारखा (शरीराला आधार देणाऱ्या ऊती, त्यात धमन्यांच्या भिंतीही, कमकुवत करणारा) आनुवंशिक आजार असतो. अमेरिकेची व्हॉलीबॉलपटू फ्लो हायमन, १९८४च्या ऑलिंपिकमधली रौप्यविजेती, १९८६ मध्ये जपानमध्ये सामना चालू असताना बाकावर कोसळली आणि गेली. वय अवघं ३१. मार्फान होता हे शवविच्छेदनात कळलं. नंतर भावाला तपासलं, त्यालाही तोच आजार निघाला आणि त्याच्यावर शस्त्रक्रिया झाली. म्हणून आई-वडील, भावंडं, मुलं यांचा इको (हृदयाची सोनोग्राफी) करून घ्याच.

मार्फान असेल तर साधारण ५ सेंटिमीटरलाच शस्त्रक्रियेचा विचार होतो, त्यामुळे हृदयशल्यचिकित्सकांना लगेच भेटा. तोवर जड वजनं उचलू नका, रक्तदाब ताब्यात ठेवा. छातीत किंवा पाठीत अचानक फाडल्यासारखी कळ आली तर १०८ ला फोन करा आणि पहिल्याच वाक्यात ‘महाधमनी फुगलेली आहे’ हे सांगा. हार्ट अटॅक समजून रक्त पातळ करणारं औषध दिलं गेलं तर ते जिवावर बेतू शकतं.