डेबियनच्या मिसळलेल्या डीव्हीडी : संच आधी वेगळे करा, मग इन्स्टॉल करा

तुमच्या शाळेत इंटरनेट नाही. कपाटात ‘डेबियन १२’ (डेबियन ही लिनक्सवर आधारलेली ऑपरेटिंग सिस्टीम) लिहिलेल्या तीसेक डीव्हीडी आहेत. पहिल्या डिस्कवरून इन्स्टॉलेशन नीट होतं, पण नंतर एखादं डेव्हलपमेंट पॅकेज घालायला गेलं की एपीटी (डेबियनचा पॅकेजेस बसवणारा प्रोग्रॅम) ‘अनमेट डिपेन्डन्सीज’, म्हणजे सोबत लागणारी पॅकेजेस जुळत नाहीत, असं सांगून थांबतं. हा त्रास माझ्या चांगलाच ओळखीचा आहे. तुमच्या डिस्क बहुधा ठणठणीत आहेत, वेगवेगळ्या आवृत्त्यांचे संच एकमेकांत मिसळलेत. आयएसओ (अख्ख्या डिस्कची प्रत असलेली फाइल) कशी राइट करायची, बायॉसमध्ये बूटचा क्रम कुठे बदलायचा हे तुम्हाला येतंय असं धरून लिहितो.

‘डेबियन १२’ नावाच्या डिस्क एकाच वेळी निघालेल्या नाहीत. १२.० जून २०२३ मध्ये आली, १२.१ जुलैत, १२.२ ऑक्टोबरमध्ये, १२.४ डिसेंबरमध्ये, आणि पुढेही येत राहिल्या. (१२.३ शोधत बसू नका. तिच्या कर्नलमध्ये ईएक्सटी४ या फाइल सिस्टीमवरचा डेटा बिघडवणारा दोष ऐन वेळी सापडला, म्हणून इमेज थांबवून थेट १२.४ काढली. एखाद्या डिस्कवर मार्करने १२.३ लिहिलेलं असेल तर ते लिहिणाऱ्याच्या मनातलं आहे.) दर वेळी अख्खा संच नव्याने बांधला जातो. जास्त वापरातली पॅकेजेस पहिल्या डिस्कवर, कमी वापरातली मागे, अशी मांडणी असते. त्यामुळे १२.१ ची तिसरी आणि १२.४ ची तिसरी डिस्क एकीच्या जागी दुसरी चालत नाही. त्यात लायब्ररीचं डेव्हलपमेंट पॅकेज त्या लायब्ररीची नेमकी तीच आवृत्ती मागतं, तिच्यापेक्षा नवी चालत नाही. पहिली डिस्क १२.४ ची असेल तर लायब्ररी सुरक्षा-दुरुस्तीसह बसते, आणि दुसरी डिस्क १२.१ ची असेल तर तिच्यावरचं पॅकेज जुनी लायब्ररी मागतं. एपीटी नाही म्हणतं ते बरोबरच आहे.

डिस्क ओळखायची ती आतून. डिस्क घातली की फाइल मॅनेजरात दिसणाऱ्या नावातच आवृत्ती, आर्किटेक्चर (कुठल्या प्रकारच्या प्रोसेसरसाठी ते) आणि डिस्कचा क्रमांक असतो. जास्त खात्री हवी तर डिस्कवर ‘डॉट डिस्क’ नावाचा लपलेला फोल्डर आहे, त्यातली ‘इन्फो’ फाइल उघडा. इमेज बांधल्याची तारीखही तिथे मिळते. तीस डिस्क, एक दुपार, एक वही. आधी आर्किटेक्चरप्रमाणे गठ्ठे करा, मग पॉइंट रिलीजप्रमाणे (१२.१, १२.४ अशा), शेवटी क्रमांकाने. जो संच सर्वांत पूर्ण असेल तो ठेवा. सर्वांत नव्या संचाचा हट्ट नको.

आता हा घोळ होतो कुठे ते सांगतो, कारण तुमच्याकडेही बहुतेक हेच झालं असावं. एका संस्थेच्या भांडार विभागाने (नाव घेत नाही) प्रत्येक डीव्हीडी जडसंग्रह (डेडस्टॉक) नोंदवहीत ‘लिनक्स सीडी, नग १’ अशी सुटी चढवली. आवृत्तीसाठी वहीत रकाना नाही म्हणून ती लिहायची नाही. मग ‘समान वाटप’ म्हणून वीस डिस्क चार लॅबना पाच-पाच! एका लॅबकडे १ ते ५, दुसरीकडे ६ ते १०. वर निर्लेखनाची (वहीतून वस्तू कमी करण्याची) मंजुरी नाही म्हणून जुना संच टाकता येत नाही, तो नव्याच्याच डब्यात. आणि प्रत्येक डिस्कवर डेडस्टॉक नंबरचं कागदी स्टिकर, तेही एका बाजूला. मिनिटाला हजारो फेरे घेणाऱ्या चकतीचा तोल त्याने जातो, आणि बाहेरच्या कडेजवळचा डेटा वाचताना ड्राइव्ह अडखळतो. माझं स्पष्ट मत : अख्खा संच हा एकच नग, ‘डेबियन १२.४, एएमडी६४, डिस्क १ ते शेवटची’ अशी एकच नोंद, आणि नंबर डब्यावर. हिशेबाचे नियम संस्थेगणिक बदलतात, तेव्हा तुमच्या लेखापालांना विचारूनच करा. माझ्या भरवशावर ऑडिटला सामोरे जाऊ नका.

चिकटलेली स्टिकर आता ओढून काढू नका, विशेषतः सीडीवरची. सीडीत परावर्तक थर वरच्या पातळ लाखेखालीच असतो, स्टिकरबरोबर तोही निघतो. डीव्हीडीत तो दोन चकत्यांच्या मध्ये असल्याने थोडा सुरक्षित. त्यापेक्षा आहे त्या स्थितीत कमी वेगाने वाचून आयएसओ करून घ्या. यापुढे लिहायचं ते मधल्या पारदर्शक कड्यावर, पाण्याच्या शाईच्या मार्करने.

डिस्क तपासायला इन्स्टॉलरच्या मेनूत माध्यमाची अखंडता तपासण्याचा पर्याय आहे. एक झाली की तिथेच पुढची घालता येते. चेकसमने (डेटावरून काढलेल्या पडताळणीच्या बेरजेने) तपासणार असाल तर एक खोच आहे : राइट करणारा प्रोग्रॅम शेवटी भरतीचे ब्लॉक घालू शकतो, म्हणून सरळ अख्खी डिस्क वाचली तर बेरीज जुळत नाही आणि चांगली डिस्क फेकली जाते. आयएसओच्या बाइट्सना २०४८ ने भागा आणि ‘डीडी’ या कमांडला तेवढेच ब्लॉक वाचायला सांगा.

संचातल्या एक-दोन डिस्क कमी पडल्या तर जिगडो (सुट्या पॅकेजेसमधून आयएसओ जुळवून देणारं साधन) वापरा. डेबियन १२ ची पहिली डीव्हीडीच सरळ आयएसओ म्हणून मिळते, पुढच्यांसाठी जिगडोच्या फाइली असतात. तालुक्याच्या गावी लॅपटॉप नेऊन ‘जिगडो-लाइट’ चालवा. ते ‘फाइल्स टू स्कॅन’ विचारेल, तिथे जुनी, दुसऱ्या पॉइंट रिलीजची डिस्क माउंट करून तिचा पत्ता द्या. न बदललेली पॅकेजेस तिच्यातूनच उचलली जातात, बाकीचीच डाउनलोड होतात. म्हणजे मिसळलेल्या डिस्कही आधी कामाला लावा, नंतर निर्लेखनाला पाठवा.

खरं तर सगळ्या आयएसओ एका एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर ठेवून लूप माउंट करणं (आयएसओ फाइलच डिस्कसारखी उघडणं) मला अधिक पसंत आहे. एपीटीच्या सोर्सेस यादीत (पॅकेजेस कुठून घ्यायची ती यादी) ‘फाइल’ने सुरू होणाऱ्या ओळी घाला आणि ‘ट्रस्टेड’ला ‘येस’ द्या, कारण डीव्हीडीवरच्या रिलीज फाइलला सही नसते. अर्थात आयएसओची सही आणि चेकसम आधी तपासलेली असेल तरच. जुन्या ‘सीडीरॉम’च्या ओळी त्या यादीतून काढायला विसरू नका, नाहीतर एपीटी हरवलेली डिस्क मागत राहील.

लॅबमध्ये ३२-बिट मशीन असतील तर ‘आय३८६’चा गठ्ठा अजिबात टाकू नका. डेबियन १३ मध्ये त्यासाठी इन्स्टॉलरच नाही.